यमाच्या दरबारात सासूबाई

आमच्या घणसोलीच्या सोसायटीनं यमदरबारावर विनोदी शॉर्टफिल्म करायची ठरवली, तेव्हाची गोष्ट. संवाद माझे होते. यम व्हायला सगळे तयार, मेलेलं माणूस व्हायला कुणीच नाही. माझी बायको गेल्यापासून सासूबाई माझ्याकडेच असतात. त्या म्हणाल्या, "मी मरते की. तेवढाच सराव."

सगळे हसले. शूटिंगला यम झालेले सेक्रेटरी कदम गरजले, "म्हातारे, पुण्य काय केलंस?"

इथं सासूबाईंनी घाबरून पाया पडायचं होतं. त्या सरळ पुढं गेल्या.

"न्याय मागनं करा, सायेब. माझी लेक गेल्या साली हितं आलीया. तिची विंग कंची?"

कुणी कट म्हणेना. कदमांनी गदा भिंतीला टेकवली, सासूबाईंचा हात धरला.

"चला आई, दाखवतो. लिफ्ट चालू आहे."