डबा धरणारा माणूस

कोरमंगलाच्या बसथांब्यावर दामोदरराव पुस्तकात डोकं घालून बसले होते. शेजारच्या दोघींचं मराठी मात्र कानावर पडतच होतं.

"क्षमाअक्का, सातवी गल्ली राहू दे. श्रीवत्स येत नाहीये, मी एकटी दारोदार नाही फिरणार."

"एकटीनं फिरायचंच नसतं, वल्लरी. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं वर्गणीचा डबा धरायचा. पण गल्ली सोडायची नाही. आनेकलच्या दवाखान्यासाठी हा शेवटचा रविवार."

"मग माझी ताई येईल."

"ती डब्यात डोकावते! गेल्या वेळी एका आजींना 'एवढंच?' म्हणाली. डबा धरणाऱ्यानं मान खालीच ठेवायची. कोण काय टाकतं, ते बघायचं नाही."

"असा माणूस आता कुठून आणायचा?"

"स्वल्प थांब. अहो अण्णा, पुस्तकवाले! मघापासून बघतेय, तुमचं पान काही उलटत नाही. मराठी कळतंय ना? रविवारी सकाळी मोकळे आहात?"

"मी? मला लोकांशी बोलायला जमत नाही हो."

"सरी, चालेल की! बोलायला ही आहे."

दामोदररावांनी मान वर न करताच विचारलं, "डबा जड असतो का?"

"रिकामा परत आणला, तरच."