डोळे राह्यले

(घुग्घुस. ट्रकांच्या रस्त्यालगतची एक खोली. दारावर हाताने रंगवलेली पाटी : ‘संघप्रिया डिजिटल आर्ट’. ऑगस्ट संपत आला आहे. दुपारचे दोन.)

देवाजी : चार बाय सहा लई मोठा होते. माह्यासाठी तीन बाय चार पुरे आहे.

संघप्रिया : काय तीन बाय चार, बाबा? अन् डबा तसाच दिसून राह्यला. जेवले नाई तुमी?

देवाजी : जेवतो. फ्लेक्सचं म्हणतो मी. चार बाय सहाचा लावला का अर्धा शेजाऱ्याच्या भिंतीवर जाते. मंग तो भांडाले येते.

संघप्रिया : कोणाचा फ्लेक्स?

देवाजी : माहा.

संघप्रिया : काही बी बोलता.

देवाजी : बारा वाजता फोन वाजला. मले वाटलं गोळीची वेळ झाली. पाण्याचा गिलास बी घेतलो हातात. चष्मा लावून पाहतो तं लिवलेलं, ‘बाबा. पुण्यानुमोदन. चार बाय सहा. डोळे राह्यले.’

संघप्रिया : ते तुमच्या फोनवर कसं आलं?

देवाजी : तूच तं जोडून देल्लं. ‘बाबा, तुमी गोळ्या विसरता, माह्या अ‍ॅपवर तुमाले घेते.’ सकाळची गोळी, दुपारची गोळी, वाफ घ्या. सगळं बराबर येते. आज हे बी आलं.

संघप्रिया : गोळ्यांची यादी वेगळी आहे. कामाची वेगळी.

देवाजी : वेगळी असन. पण कार्डावर माहंच नाव लावलं ना तू? ज्याचं नाव त्याले निरोप. त्या अ‍ॅपची काय चूक?

संघप्रिया : आज आठवण पुढं ढकलताना चुकून तुमचं नाव लागलं असन. मी काढून टाकते ते.

देवाजी : राहू दे. निरोपावर बोट ठेवलं तं तुह्या सगळ्या कामाचा बोर्ड उघडला. तवापासून तेच वाचून राह्यलो. लई नीट ठेवलं पोरी. ‘आलं’, ‘सुरू’, ‘डोळे राह्यले’, ‘दिलं’. कोणाचं काम कुठी आलं, एका नजरेत दिसते. मी जन्मभर हिशेब खडूनं भिंतीवर ठेवलो. एक पाणी आलं का गिऱ्हाइकालेच विचारत फिरा, ‘भाऊ, तुमी काय लिवाले सांगतलं होतं?’

संघप्रिया : बाबा.

देवाजी : वाढदिवसाचं काम असलं का लाल पट्टी. लग्नाचं असलं का पिवळी. गेलेल्या माणसाचं असलं का पांढरी. बरोबर?

संघप्रिया : हो.

देवाजी : माह्यावर पांढरी आहे.

संघप्रिया : मले माफ करा. तुमाले दिसन असं वाटलंच नाई मले.

देवाजी : ते माफीचं नंतर पाहू. तारीख सांग पह्यले. कार्डावरची पंधरा नोव्हेंबर कोणी सांगतली?

संघप्रिया : कोणी नाई. तारीख टाकाच लागते. नाई तं कार्ड खाली ढकलते ते अ‍ॅप.

देवाजी : तू उगीच तारीख टाकणारी पोरगी नाई. दहावीत होती तं अभ्यासाचं वेळापत्रक लिवून मलेच सही मागे. बोल.

संघप्रिया : काय बोलू?

देवाजी : नागपूरच्या डॉक्टरनं तुले एकटीले आत बोलावलं. मी बाहेर एक्स-रे मांडीवर घेऊन बसलो. तू आली अन् म्हणली, ‘काही नाई बाबा, जुना कफ आहे.’ तो जुना कफ पंधरा नोव्हेंबरले संपते का?

संघप्रिया : तीन महिने म्हणले ते. फार तं चार. फुप्फुसात जागाच नाई राह्यली म्हणे. धूळ बसून बसून घट्ट झाली.

देवाजी : कवा म्हणले?

संघप्रिया : एकवीस जुलैले.

देवाजी : म्हंजे तू चारच्या हिशेबानं तारीख टाकली.

संघप्रिया : हो.

देवाजी : तीनच्या हिशेबानं टाकाची. छपाईवाला बिलाल कवा कवा दोन दिवस लावते. ऐन वेळेवर त्याची मशीन बंद राह्यते.

संघप्रिया : असं बोलू नका ना. मले सांगता नाई आलं, बाबा. येताना बसमंदी वरोऱ्यापासून भद्रावतीवरी तोंडात ओढणी कोंबून बसली होती मी.

देवाजी : मले वाटलं तुले गाडी लागली. थैलीत लिंबू शोधून राह्यलो होतो मी.

संघप्रिया : माहीत आहे. सापडलं नाई तं तुमी कंडक्टरले मागितलं.

देवाजी : जाऊ दे. रडू नको आता. रोज रात्री बसून खोकतो मी. मले काय समजत नाई का? फक्त तारीख माहीत नव्हती. पण पोरी, मी जित्ता आहो. जित्त्या माणसाचा असा फोटो काऊन काढून राह्यली?

संघप्रिया : मेल्यावर मले नाई काढता येत म्हून. लोक येते अन् आधार कार्ड हातात देते. त्यात माणूस घाबरलेला, नाई तं झोपेतला. त्याच्यावरून मी नाक काढते, कपाळ काढते. डोळे अंदाजानं. तुमचे डोळे मले अंदाजानं नव्हते काढाचे.

देवाजी : मोबाईलात माहे शंभर फोटो आहे.

संघप्रिया : सगळे पाह्यले मी. एकात बी तुमी समोर नाई पाहात. ट्रकवर नंबर टाकून राह्यले, खाली पाहून. शाळेच्या भिंतीवर अक्षरं लिवून राह्यले, भिंतीकडे पाहून. माह्या साखरपुड्याच्या फोटोत बी स्टेजवरच्या बोर्डाकडे पाहून राह्यले.

देवाजी : त्या बोर्डात तुहं नावच वाकडं लिवलं होतं त्यानं.

केसरबाई : बाई, आहेस का घरी?

संघप्रिया : कोण? या, केसरबाई. या, बसा. हे माहे बाबा.

केसरबाई : बसत नाई. बस आहे माही. फोटो झाला का?

संघप्रिया : झाला. पाहून घ्या, मंग बिलालभाऊकडे छापाले पाठवते. उद्या सकाळी भेटन.

देवाजी : कुठच्या तुमी, बाई?

केसरबाई : जंगलाच्या कडेच्या, भाऊ. माहा माणूस बकऱ्या चाराले गेल्ता. वाघानं नेला. आज नववा दिवस.

देवाजी : ऐकलो होतो.

केसरबाई : मले तोंड पाहू नाई देल्लं त्याचं. सगळं बांधूनच आणलं. म्हून म्हटलं, फोटो तरी मोठा असू दे.

संघप्रिया : हा पाहा. तुमच्यापाशी आधारचाच होता अन् तो बी पुसट. नाक अन् कपाळ तुमच्या देराचं पाहून घेतलं. हसरा पाह्यजे म्हणल्या होत्या तुमी, म्हून ओठ असे घेतले.

केसरबाई : हो. हसरा म्हणली होती मी.

संघप्रिया : दसरूभाऊ असेच दिसत होते ना? काही बदलाचं असन तं आताच सांगा. पाच मिनिटाचं काम आहे.

केसरबाई : नाई, छान आहे. शर्ट लई छान आहे. असा निळा शर्ट कवाच नव्हता त्याच्यापाशी.

संघप्रिया : अन् डोळे?

केसरबाई : छान आहे सगळं. कॉलर बी कशी कडक आहे. पाठवून दे बाई.

देवाजी : पाणी घ्या थोडं. उन्हाच्या आल्या.

केसरबाई : नको भाऊ. बस सुटन. उद्या दीर येईल न्याले. बसा तुमी.

संघप्रिया : बरं झालं. आवडला त्याइले. थांबा, कार्ड ‘दिलं’ मंदी टाकते.

देवाजी : तिले नाई आवडला.

संघप्रिया : छान म्हणल्या ना?

देवाजी : शर्टाले छान म्हणली. तोंडाकडे एकडाव पाह्यलं तिनं, अन् मंग कॉलरच्या वर नजर नेलीच नाई. त्या फोटोतला माणूस तिचा नाई. पण तू मेहनत केली, अन् तिच्यापाशी दुसरा फोटो नाई. काय म्हणन ती?

संघप्रिया : तुमाले कसं माहीत?

देवाजी : मी चार वर्षांपासून तसंच करून राह्यलो.

संघप्रिया : काय करून राह्यले?

देवाजी : तुह्या मायचा फोटो. समोर टांगला आहे तो. रोज सकाळी मेणबत्ती लावतो अन् लुगड्याचा काठ पाहतो. काठ लई सुंदर काढला तू. एक एक बुट्टी.

संघप्रिया : बाबा, डोळे?

देवाजी : ते डोळे ठमाचे नाई.

संघप्रिया : चार वर्षं तुमी बोलले नाई मले?

देवाजी : तू रडत रडत काढला होता. सगळी वस्ती म्हणे, हुबेहूब ठमाबाई. विहारात सगळ्याइनं हात जोडले. त्यात मी एकटा उभा राहून काय म्हणू? का ही माही बायको नाई?

संघप्रिया : मले बी माहीत होतं.

देवाजी : माहीत होतं?

संघप्रिया : काढून झाला तवाच समजलं. मायचे सगळे फोटो त्या जुन्या फोनात होते. फोन बंद पडला अन् मी कुठीच जपून नव्हते ठेवले. आधारचा एक राह्यला, त्यात तिनं उजेडानं डोळे बारीक केलेले. मी खूप आठवून पाह्यलं. पोळ्या करताना आठवते, भांडणारी आठवते, तिचा आवाज आठवते. डोळे काढाले बसली का पुसून जाते. मंग एका जाहिरातीतल्या बाईचे घेतले.

देवाजी : अस्सं.

संघप्रिया : तवापासून मी काहीच डोक्यात नाई ठेवत. सगळं अ‍ॅपमंदी. गोळ्या, गिऱ्हाइक, गॅस सिलेंडर, सगळं. लोकं म्हणते, संघप्रियाचं काम किती व्यवस्थित. मले फक्त भेव वाटते, बाबा. माह्याकडून अजून काही हरवन म्हून.

देवाजी : अन् माहे डोळे? ते काऊन राह्यले? मी तं समोरच बसून आहो.

संघप्रिया : तुमी झोपले का तुमचा चेहरा काढत होती मी. महिना झाला पूर्ण होऊन. डोळ्यासाठी तुमाले उठवून समोर बसवा लागन. अन् डोळे तुमीच शिकवले शेवटी काढाले. ते झाले का काम झालं. मंग कार्ड ‘दिलं’ मंदी टाका लागन मले. रोज ते अ‍ॅप आठवण करते, रोज मी उद्यावर ढकलते.

देवाजी : हं. ते पेन दे इकडे.

संघप्रिया : कोणतं?

देवाजी : ते, काचेवर लिवाचं. अन् ठमाचा फोटो उघड. भिंतीवरचा नाई, तुह्या टॅबमंदला. त्यात नुसते डोळे पुसता येते ना? बाकीचं धक्का न लागता?

संघप्रिया : येते. डोळ्याचा लेयर वेगळाच आहे.

देवाजी : मंग पुस तो. तिचे डोळे मले माहीत आहे. चौतीस वर्षं पाह्यलो. तिच्या बहिणी गेल्या, भाऊ गेला. आता दुसऱ्या कोणाले माहीत नाई. मी गेलो का कोणाले विचारशील?

संघप्रिया : पण तुमचा हात हालते. चहाची कपबशी नाई धरता येत.

देवाजी : ते तं आहे.

संघप्रिया : थांबा, यात सोय आहे. हात किती बी हालला तरी रेघ सरळ येते. चालू करून देते.

देवाजी : किती बी हालला तरी?

संघप्रिया : हो. तुमी पुढं नेत राहा, ते सरळ करत येते.

देवाजी : बंद कर ते. ठमाची डाव्या डोळ्याची पापणी सरळ नव्हती. हासली का जराशी खाली ये. लहानपणी चुलीतली ठिणगी उडाली होती तिथी. तुहं अ‍ॅप ते सुधरवून टाकन.

संघप्रिया : ठिणगीचं मले माहीतच नव्हतं.

देवाजी : तिले आवडत नव्हतं कोणी पाह्यलेलं. फोटो काढाले कोणी आलं का मान फिरवे. तुह्यासमोर बी एका बाजूनं बसे ती, तुले समजलं नाई.

संघप्रिया : नाई समजलं.

देवाजी : हे झालं का मी बसतो तुह्यासमोर. सरळ पाहीन. खाली नाई पाहात. तू काढ माहे.

संघप्रिया : इतक्यात नको.

देवाजी : काढ म्हणलो ना. अन् तीन बाय चार. कपडा पांढरा, पण कॉलर नको. आता मायचं कार्ड कर पह्यले. तुह्या पद्धतीनं.

संघप्रिया : केलं. ‘माय. डोळे राह्यले.’ तारीख कोणती टाकू?

देवाजी : आजचीच टाक. आज हात जरा कमी हालून राह्यला.