मोटारीतला लुकलुकता दिवा

माझं माहेर सांगोल्याकडचं, घरात मेंढरं, आन् लगीन होऊन आले ती सोलापुरात, भवानी पेठंत, एका खोलीत. काय सांगू बाळा तुमाला, मोटारीत कवा पाय ठेवला न्हवता मी, आन् नवरा मिळाला मोटार चालवणारा! तवा सायबाचं राज्य, गावात मोटारी बोटावर मोजून घ्याव्या येवढ्या. बाळंतपणं करणाऱ्या एक डाक्टरीण बाई व्हत्या, खेड्यापाड्यानं जायच्या, त्यांची मोटार आमचे मालक चालवायचे. मी घरी इणकरांच्या कांड्या भरायची, दिसभर बोटातनं सूत जायचं, कुटं कच्चं हाय, कुटं तुटाय आलंय ते न बघता कळायचं.

मालक तसे लई कष्टाळू, पण पोटातलं बोलणारा मानूस न्हवं. काय झालं तरी आपलं आपन गिळायचं. आन् एका थंडीत तर गपच झाले बघा. जेवताना गप, निजताना गप. चिमणी लावली की तिच्यापुढं बसायचे, एक डोळा हातानं झाकायचे, मग दुसरा झाकायचे. मी चारपाच दिस बघितलं, मग ताटलीच वढून घेतली, म्हनलं, काय हाय ते सांगा, न्हायतर मीबी जेवत न्हाय. तर त्यांच्या डोळ्याला पानी की हो. म्हनले, मोटारीत माझ्यापुढं वेग-बिग दावणाऱ्या काट्याच्या तबकड्या हायत, त्यावर बारका दिवा हाय, त्यो मला लुकलुकताना दिसतोय. मिस्त्रीला दावला, त्यानं मोटार उभी करून दिवा लावून बघितला, म्हनला, दिवा चांगला ठाक हाय, जराबी लुकलुकत न्हाय, तुमीच डोळे दावा कुनाला तरी.

आता माझ्या सासऱ्यांचे डोळे चाळिशीतच गेलेले. हातानं चाचपून मेंढरू वळखायचे. तेच ह्यांच्या मनात बसलेलं. बाईंना का इचारलं न्हाई म्हनलं, तर म्हनले, बाई डाक्टर हायत, त्यांना कळलं की नोकरी संपलीच की, आन् आंधळ्यानं बाईंना गाडीत घेऊन जावं का? उद्या चावी ठेवनार हाय मी.

मी म्हनलं, ठेवा चावी, पर एकडाव मला त्यो दिवा दावा.

दुसऱ्या दिशी मीच गेले बाईंकडं, पदर खोचून. आन् समदं सांगून टाकलं, काई लपवलं न्हाई. हे खाली मान घालून उभे. बाई रागावतील वाटलं, पर त्या म्हनल्या, मला सांजच्याला अक्कलकोटच्या रस्त्याला जायचंच हाय, तू फुडं बस, मी मागं बसते. फुडं, मालकाशेजारी! मोटारीत पयला पाय ठेवला त्यो असा.

गाव मागं पडलं, दिस बुडाय लागला, तवा ह्यांनी दिवा लावला. आधी ठाक व्हता. मग रस्ता खडबडीत आला, मोटार खडखडाय लागली, आन् त्यो दिवा गेला, आला, गेला, आला. मी वरडलेच, अवो, मलाबी दिसतोय की! दिवाच लुकलुकतोय, तुमचे डोळे न्हाईत!

ह्यांनी मोटार मदी रस्त्यातच उभी केली. उभी केली तसा दिवा परत ठाक. तवा उलगडा झाला, मिस्त्रीनं उभ्या मोटारीत बघितला व्हता, हादऱ्यात न्हाई. मी म्हनलं, चालवा परत, हळू. आन् त्या दिव्याच्या पत्र्यावर बोट दाबून धरलं, तर हादऱ्यातबी दिवा लुकलुकंना. बोट काढलं की लागला लुकलुकाय. मग मोटार बंद करून तारंवरनं बोट फिरवत गेले, सुतावरनं फिरवते तसं. तार धड व्हती. पर दिव्याची बैठक ज्या इस्क्रूनं बसवलेली त्यो ढिला, आन् खाली गंज. मालकांनी तवा मला समजावलं, एका तारंनं वीज येती, परत जाती ती मोटारीच्या लोखंडातनं, लोखंडाला लोखंड नीट टेकलं न्हाई की दिवा जातो. त्यांनी चाकूनं गंज खरवडला, इस्क्रू आवळला. पुन्ना त्याच खडबडीवरनं मोटार नेली, तर दिवा देवापुढल्या समईवानी.

मागनं बाई म्हनल्या, तरीबी उद्या दवाखान्यात ये, डोळे बघू. बघितले, चांगले निघाले. हे तितंच खुर्चीवर बसून ल्हान लेकरावानी रडले, आन् बाईंनी तोंड खिडकीकडं फिरवलं, त्यांना लाज वाटू नये म्हनून.

त्या दिसापास्नं मानूस बदलला बघा. समदं सांगाय लागले. पायात काटा मोडला तरी सांगनार, सपान पडलं तरी उठवून सांगनार, मी म्हनायची, अवो निजू द्या की! शेवटच्या दुखण्यातबी हात धरून म्हनले, मला जरा भ्या वाटतंय गं. म्हनलं, मी हाय की हितं.

आता चार वरीस झाली त्यांना जाऊन. ल्योक, सून चांगली हायत, दोन घास सुखाचे मिळत्यात, देवाकडं आनखी काई मागायचं न्हाई. फकस्त सकाळी जाग आली की वाईच पडून ऱ्हाते, कुनीतरी काईतरी सांगंल म्हनून. मग उठते. जावा बाळा, सुखी ऱ्हावा, आन् घरच्या मानसाशी बोलत जावा.