स्वयंपाकघरातली टेप

नाही हो मावशी, ही सीडी नव्या मशीनवर घातली म्हणून साफ होणार नाही — खरखर आवाजावर बसलेली नाहीये, आवाजातच कालवली गेलीये, आता ती कोण निवडणार. बसा. पंखा लावतो. तुमच्या टेपवरून ही करून दिली त्याला पाच वर्षं झाली ना? मला वाटलं, विसरला असाल — छे, विसराल कशाला, नवऱ्याचा आवाज, जहाजावरून पत्राऐवजी पाठवलेला, आणि माणूस तर परत आलाच नाही — मीच आपला काहीतरी बोलतोय.

कशाने झालं म्हणता? टेपला बुरशी — हो, तेव्हा तसंच म्हणालो होतो मी. आता कसं सांगू — प्रोसेसर असतो ना, कॉम्प्युटरचा मेंदू म्हणा, त्यात तेव्हा आवाजासाठी, चित्रांसाठी नवे आदेश आले होते, आणि त्यांच्यासाठी आकडे ठेवायचे वेगळे रुंद कप्पे — काम झपाट्याने. पण प्रोसेसर एक आणि प्रोग्राम दहा, थोडा वेळ याला, थोडा त्याला — पाळी बदलली की आधीच्याचं कप्प्यांतलं सामान बाजूला काढून ठेवायचं, त्याची पाळी परत आली की जसंच्या तसं मांडून द्यायचं. हे काम कोणाचं? ऑपरेटिंग सिस्टिमचं. माझी होती जुनी, तिला ते कप्पे माहीतच नव्हते, म्हणून ती ते बंद ठेवायची — माझ्यापेक्षा शहाणी. नवी घालायची तर सगळं मशीन पुसा, दोन दिवस बसा — कोण करतो? मी कुठूनसा एक जुगाडू प्रोग्राम आणला आणि कप्पे उघडले. उघडले खरे, पण सामान काढून ठेवणारं कोणी नाही. तरी चालतं बरं का — एकच प्रोग्राम ते वापरत असेल तर काही बिघडत नाही. मला माहीत होतं ते. चिठ्ठी लिहून मॉनिटरला चिकटवली होती, एका वेळी एकच काम.

मग? मग काय — तुमची टेप साफ व्हायला तास लागणार होता, मला कंटाळा आला, मी त्याच मशीनवर सिनेमा लावला — तोही तेच कप्पे वापरणारा. विनोदी होता. सिनेमाचे आकडे तुमच्या टेपमध्ये, टेपचे सिनेमात — पडद्यावर मध्येच हिरवे चौकोन उठायचे, तेव्हाच कळायला हवं होतं — कळलंच होतं, पण मी हसत होतो.

संध्याकाळी तुम्ही आलात, ऐकलंत, आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणालात — माझीच चूक, स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवली, वाफ लागली असेल. मी मान डोलावली. वर बुरशीही मीच जोडली. टेप टाकून द्या म्हणालात.

टाकली नाही. ही बघा, याच ड्रॉवरमध्ये आहे. महिन्याभराने साध्या टेपरेकॉर्डरवर लावून पाहिली — स्वच्छ. दोनदा तुमचा नंबर फिरवला, ठेवून दिला. काय सांगणार — सिनेमा बघत होतो म्हणून? लाज वाटते मावशी. तेव्हा वाटली असती तर बरं झालं असतं.

ऐकली का म्हणता? ऐकली, दोन्ही बाजू, ऐकायला नको होती. शेवटी ते म्हणतात — ही टेप स्वयंपाकघरातच ठेव, दिवसभर तू तिथेच असतेस, काम करता करता ऐकत जा. तुम्हाला तर पाठ असेल. म्हणजे त्यांनीच सांगितलं होतं, आणि तरी त्या दिवशी तुम्ही त्यांचं नाव घेतलं नाहीत, सगळं स्वतःवर घेतलंत, आणि मी समोर उभा राहून —

घ्या. असं बघू नका माझ्याकडे. पिशवीत नीट ठेवा. मागच्या गल्लीत रेडिओवाला आहे, तो करून देईल सीडी — समोर बसून करून घ्या. माझ्या मशीनला ती आता लावायची नाही. जा मावशी. जाताना दार ओढून घ्या.