सुकरी आत्याचा आवाज छोट्या हत्तीवर

ऐक ना करिष्मा, चहा मांगवू नको अजून, पहिले ऐक! मी आत्ता बसमधून उतरली अन् सरळ तुह्याकडेच आली, घरी बी नाई गेली, बॅग पाह्य तशीच खांद्यावर आहे, अन् डाव्या कानानं त मले काही ऐकूच नाई येऊन राह्यलं, डीजेच्या अगदी समोर उभी होती ना मी... म्हणून तू बोलूच नको, बोलशीन ते अर्धंच कळन, मीच बोलते. अंकुशभाऊच्या लग्नात काय झालं मालूम आहे का तुले? नवरी परत चालली होती वो! मांडवातून नाई, मांडवापर्यंत पोचलीच नाई बिचारी, गावाच्या शिवेवरून परत! अन् काऊन? गाण्यापायी. हसू नको. हुंड्यापायी नाई, मानपानापायी नाई, गाण्यापायी!

आता तुले पहिल्यापासून सांगा लागन, तू चांद्याचीच पैदास, तुले आमच्याकडचं काय मालूम. अंकुशभाऊ म्हणजे माह्या सुकरी आत्याचा पोरगा, एकुलता एक, अहेरीले ऑफिसात कामाले आहे, अन् आत्याचं गाव अहेरीहूनही आत, मोबाईलची रेंज जिथी संपते तिथून गाव सुरू होते असं समज. अन् आमच्या तिकडे नवरदेव घोड्यावर बसून नाई जात, आमच्यात नवरीच वऱ्हाड घेऊन नवरदेवाच्या गावाले येते. आली का सरळ मांडवात घुसाचं नाई. शिवेवर मोहाचं झाड आहे, त्याच्याखाली थांबाचं. मंग इकडच्या बाया जातेत, अन् गाण्यात विचारतेत, कोण वो तुम्ही, कोणच्या वाटेनं आले, वाटेत नदी कोणची लागली, अन् आमच्या दारात काऊन आले? तिकडच्या बायांनी गाण्यातच जवाब द्याचा. जवाब आला का नवरीचे पाय धुवाचे, हात धराचा, अन् गाणं म्हणत म्हणत घरी आणाचं. जवाब नाई आला त थांबा मंग उन्हात!

अन् हे विचारणारी कोण? सुकरी आत्या! आजूबाजूच्या सगळ्या गावच्या सुना तिच्या गाण्यावर आत आल्या. गावचा ढोलवाला लच्छूमामा ढोल शेकोटीवर तापवाचा, बोटानं टक टक करून पाह्याचा, आत्या घसा खाकराची, अन् अख्खं गाव चूप! अन् गाणं सगळं गोंडीत, काही पाठ केलेलं नसे हं, समोर कोण उभं आहे ते पाहून तिथंच जोडाची. मी लहान असताना बाबांसोबत गेली होती एका लग्नाले, पांढरे सँडल घालून, चिखलात पाय टाकाले तयारच नाई, त आत्यानं मलेच टाकलं गाण्यात! बाबांनी मराठीत सांगितलं मले, चांद्याची पोट्टी आली, पायात बगळे घालून आली, चिखलाले पाहून रडाले लागली... अख्ख्या बाया हसल्या, मी रडली, अन् मंग रोज रात्री बाबांले म्हणाची, माहं गाणं म्हणा ना. माहं गाणं! कोणाचं असते वो आजकाल स्वतःचं गाणं? आताच्या गाण्यात नाव एकाचंच राह्यते. डीजे पिंटू... पिंटू... पिंटू... गोंडपिपरी! नवरीचं नाई, नवरदेवाचं नाई, पिंटूचं! लग्न कोणाचं आहे बापा? छाती हालते, करिष्मा, पण जीव नाई हालत.

आता तू म्हणशीन, तूच त नाचते गणपतीत सगळ्यात पुढे. हो, नाचते! मी कुठी नाई म्हणली? ते राहू दे बाजूले, पुढं ऐक.

त आत्यानं सगळ्यांच्या सुना आणल्या अन् स्वतःच्या सुनेची वाट पाहून राह्यली इतकी वर्षं. अन् अंकुशभाऊनं काय करावं? डीजे ठरवला! आता त्याचंही काही चुकलं असं नाई म्हणत मी, त्याच्या दोस्तांच्या सगळ्यांच्या लग्नात डीजे होता, याच्याच लग्नात ढोल वाजला असता त पोट्ट्यांनी जगू दिलं असतं का? पण आईचं मन बी पाहाचं होतं त्याले. म्हणून त्यानं शक्कल लढवली. आत्या मोहं वेचाले जाची त हा मोबाईल घेऊन मागं मागं, आई एखादं लग्नातलं गाणं म्हण, अजून एखादं म्हण. ती बिचारी टोपली कमरेवर घेऊन म्हणत गेली, हा भरत गेला. अन् सगळं पाठवलं पिंटूले का यातलं एखादं घे, खाली बीट टाक, अन् नवरी आली का लाव. मंग लग्नाच्या आदल्या दिवशी लई खुश होऊन आत्याले सांगतो, आई, तुह्या आवाजातच आणू नवरीले, डीजेवर, दोन कोस ऐकू जाईन. मी तिथंच बसून कांदे चिरून राह्यली होती. आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं. एवढंच म्हणली,

"मंग मी काय करू?"

अन् हा काय म्हणते, "तू बस ना आई खुर्चीवर. ऐक फक्त."

करिष्मा, माह्या डोळ्यातून पाणी आलं अन् मी कांद्यावर ढकललं. आत्यानं सूप उचललं, परत तांदूळ पाखडाले लागली. पण रोज पाखडताना काही ना काही गुणगुणते ना ती, ते बंद.

दुसऱ्या दिवशी पिंटू आला. छोट्या हत्तीवर, टेम्पो वो, स्पीकरच्या डब्यावर डबे, डब्यावर डबे, असा डोंगर, वरती लाईट, अन् त्याच्या वरती स्वतः पिंटू, गॉगल लावून. उतरल्या उतरल्या लच्छूमामाले म्हणते, काका, तो ढोल जरा बाजूले ठेवा, वायर जाते तिथून. लच्छूमामानं ठेवला बिचाऱ्यानं, अन् त्या ढोलावर नंतर पिंटूनं आपली पाण्याची बाटली ठेवली! बरं, पिंटू गोंडपिपरीचा, त्याले गोंडीचा ग नाई मालूम. अन् मले? माह्या बाबांनी चांद्याले आल्यावर घरात गोंडी बोलणंच सोडलं, म्हणे पोरीले शाळेत हसतीन. त आम्ही दोघं, एकाले नाई समजत, दुसरीले नाई समजत, अन् आम्ही ठरवून राह्यलो गाणं! तो लावे, मी मान हालवे. हे हळू आहे, हे रडकं वाटते... अन् एक लागलं, काय सांगू तुले, ठेका असा का पाय आपोआप उचलावे! पिंटू म्हणे, ताई हेच, हे हिट जाते पाह्य. मी म्हणलं, लाव बिनधास्त. अंकुशभाऊले विचारावं त तो आत हळद लावून बसलेला, बाया त्याच्या डोक्यावर तेल ओतून राह्यल्या, कोण विचारते?

दुपारी नवरी आली. दोन ट्रॅक्टर अन् एक काळीपिवळी, धूळ उडवत, सगळे मोहाखाली उतरले. नवरी ललिता, एवढीशी, पिवळी जर्द, लुगड्यात पाय अडकून राह्यला, तिच्या बाजूले तिची मोठी आजी गिरजाबाई, काठी टेकत. अन् पिंटूनं हात वर केला, अन्... धडाम! आत्याचा आवाज. माह्या आत्याचा आवाज वो, पण असा का विहिरीत पडून ओरडून राह्यली जशी, अन् खालून धम धम धम धम, अन् मधातच पिंटू... पिंटू... पिंटू! पोट्टे पेटले. मी बी. धूळ, घाम, शिट्ट्या, आम्हाले वाटलं वऱ्हाड आता नाचतच येते. अन् वऱ्हाड काय करून राह्यलं? वऱ्हाड ट्रॅक्टरवर परत चढून राह्यलं!

मी म्हणलं हे काय? गिरजाबाई काठी वर करून ड्रायव्हरले म्हणते गाडी फिरव. म्हातारे तणतण करत चढले, ललिताले दोघींनी दंडाले धरून वर ओढलं, ती पोट्टी मागं वळून वळून पाह्यते. अन् आम्ही नाचूनच राह्यलो! आवाजच इतका का कोणाले काही विचारता येत नाई, कोणाचं काही ऐकू येत नाई. शेवटी लच्छूमामा गेला अन् त्यानं त्या जनरेटरचा वायरच उपटला. सन्नाटा. अन् त्या सन्नाट्यात गिरजाबाईचा आवाज, धापा टाकत टाकत, पाण्याचा थेंब विचारला नाई अन् शिवेवरूनच हाकलतेत आम्हाले, आम्ही भिकारी आहो का?

गाणं कोणचं होतं मालूम आहे? लग्न सगळं झाल्यावर, पाहुणे जाताना म्हणतेत ते! म्हणजे मतलब असा का, जेवले, प्याले, नाचले, आता उठा बापा, आपापल्या वाटेले लागा, घरी ढोरं वाट पाहून राह्यली, इथं तुमच्यासाठी काही उरलं नाई... हे आम्ही दारातल्या नवरीले लावलं! दोन कोस ऐकू जाईन अशा आवाजात! आता तू म्हणशीन, गावच्या पोट्ट्यांले त गोंडी येते, त्यांले नाई समजलं? नाई ना! त्यांनी फक्त धम धम ऐकलं. शब्द ऐकणारे कान म्हाताऱ्यांचेच उरले वो. आमची छातीच हालत होती.

अंकुशभाऊ हळदीनं माखलेला तसाच पळत आला, हात जोडते, पाया पडते, पण बोलून जमतच नाई. गाण्यात झालेला अपमान बोलून नाई मिटत म्हणे, गाण्यातच मिटवा लागते. सगळे वळून पाह्यले त आत्या खुर्चीवर. पोरानं बसवलं तिथंच, नवीन लुगडं नेसून, हात मांडीवर. अंकुशभाऊ तिच्यापुढं उकिडवा बसला, म्हणे आई चल ना, तूच म्हण. अन् आत्यानं काय म्हणावं? रागानं नाई हं, सावकाश.

"माहा आवाज तिकडे गाडीवर आहे बापू. त्यालेच म्हण."

पिंटूनं गॉगल काढला, करिष्मा. अंकुशभाऊ खाली मान घालून रडाले लागला, हळदीतून दोन रेघा गालावर. मले वाटलं गेलं, लग्न गेलं. ट्रॅक्टर सुरू झालेला, भुर्र भुर्र करून राह्यला. अन् तेवढ्यात ललितानं, त्या एवढ्याशा पोट्टीनं, ट्रॉलीतून खाली उडी मारली अन् मोहाच्या बुडाशी जाऊन बसली.  म्हणजे विचारा ना वो मले, मी आली आहे.

आत्यानं पाह्यलं तिच्याकडे. उठली. लच्छूमामानं ढोलावरची बाटली बाजूले केली, तापवाले वेळ नव्हता, थंड्याच ढोलावर हात टाकला, भद्द आवाज निघाला, अन् आत्या चालत चालत शिवेवर गेली अन् सुरू झाली. माईक नाई, काही नाई, आवाज फाटलेला, वरच्या सुराले जाऊन मोडे बी. पण अंगावर काटा! मले एक शब्द समजला नाई अन् सगळं समजलं. कोण वो तुम्ही, कोणच्या वाटेनं आले, नदी कोणची लागली? म्हणली, अन् थांबली.

आता जवाब यावा ना तिकडून? नवरीच्या मैतरणी एकमेकींकडे पाह्यतेत, एक मोबाईलवर शूटिंग करून राह्यली, तिनं मोबाईल खाली केला. कोणालेच येत नाई! येते फक्त गिरजाबाईले, अन् तिनं तोंड उघडलं त खोकला. परत उघडलं, परत खोकला, दम्याची बाई ती, छातीवर हात, डोळ्यातून पाणी. आत्या उभी वाट पाहत. ढोल उभा. ऊन असं का बोलू नको. कितीक वेळ ते तसंच, करिष्मा... एवढी शांतता मी बापजन्मी ऐकली नाई.

मंग आत्या निघाली. शीव ओलांडली, तिकडे गेली, गिरजाबाईच्या बाजूले उभी राह्यली, तिचा हात हातात घेतला, अन् जवाबही स्वतःच म्हणाले लागली! नवरीकडची होऊन! आम्ही अमक्या वाटेनं आलो, अमकी नदी लागली, लेक घेऊन आलो, सांभाळा. गिरजाबाईचे नुसते ओठ हालून राह्यले, आवाज आत्याचा. म्हणून झालं का आत्या परत इकडे, नवा सवाल. परत तिकडे, जवाब. इकडे, तिकडे, इकडे, तिकडे, उन्हात, नवीन लुगड्यात, धापा टाकत, आपलाच सवाल, आपलाच जवाब, अन् लच्छूमामा ढोल गळ्यात घेऊन तिच्या मागं मागं. पहिले पोट्टे हसले थोडे. मंग कोणी नाई हसलं. जीव हालला वो, सगळ्यांचा!

झालं मंग, पाय धुतले, ललिताचा हात धरला, आणली घरी. तिचं नाव होतं गाण्यात, मले ऐकू आलं, ललिता, ललिता. अंकुशभाऊचंही होतं. अन् पिंटूचं बी होतं म्हणे, काय म्हणली ते कोणी मले सांगितलं नाई, पण म्हाताऱ्या लई हसल्या अन् पिंटू लाजला.

अन् आता ऐक, हेच सांगाले आली मी. मांडवात सगळे जेवाले बसले, आत्या मागं माठापाशी पाणी पिऊन राह्यली होती, घोट घोट. मी गेली, तिचे पाय दाबाले बसली. तिनं माह्या डोक्यावर हात ठेवला. म्हणे,

"मी इकडून म्हणन, बाई. मरेपर्यंत म्हणन. पण तिकडून कोण म्हणन? तू येशीन का पुढच्या उन्हाळ्यात? शिकवते तुले."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, करिष्मा, माह्या जिभेवर होतं, पण काय होतं ते मलेच नाई मालूम. हो म्हणावं त मले गोंडी येत नाई, उन्हाळ्यात सुट्टी भेटत नाई, तिथं रेंज नाई. नाई म्हणावं त कोणच्या तोंडानं म्हणावं? अन् मी विचारच करून राह्यली होती का तिकडे पिंटूनं वायर जोडला अन् धम धम धम धम सुरू! पोट्ट्या मले ओढाले आल्या, आत्या तोंडानं काहीतरी बोलली, ऐकू नाई आलं, मी म्हणलं काय? ती हसली अन् हातानंच म्हणली, जा, जा. अन् माहे पाय... हे पाय पाह्य, फोड आले, इतकी नाचली मी, रडत रडत नाचली, पण नाचली.

आता सांग तू. तू असती माह्या जागी, त काय केलं असतं? ...जोरात बोल ना वो, डाव्या बाजूनं नाई ऐकू येत म्हणलं ना.