घरात गोड बंद

मुलांच्या दवाखान्यात नर्सबाई कापसाचे बोळे करत होत्या. कान मात्र समोरच्या बाकाकडे. तिथं आई, बाबा, आजी आणि मधे दाटीवाटीनं बसवलेली छकुली.

“वजन पुन्हा वाढलं हो हिचं! घरात गोड बंद आहे ना?”

“माझ्याकडे काय बघतेस, सूनबाई? तुझ्या नवऱ्याला विचार.”

“मला कशाला, आई? मी तर रोज हिला बागेत फिरायला नेतो.”

“गाडीतून नेता आणि गाडीतूनच आणता!”

“अगं, पाय दुखतात तिचे.”

“मग हवा खाऊन फुगते का ही? छकुली, खरं सांग, गुपचूप खाऊ कोण देतं तुला?”

“कुणाची शपथ मोडू, आई? आजीनं घातलेली, बाबांनी घातलेली, की तू घातलेली?”