ढिला हात

आमचा सुधीर पायलट आहे, तरी त्याच्या कारमध्ये मी आता बसत नाही. परवा तापल्या हवेत उसळतं विमान त्यानंच नागपूरले उतरवलं, अन् मी त्यातच होतो. घरी जाताना त्याची पोरगी कार चालवून राहिली होती, नवशिकी; सुधीर तिच्या बाजूले बसला होता. मी मागून त्याले विचारलं, "विमानाले एवढे हिसके बसतात, तेव्हा काय करा लागते गा?"

"हात ढिला ठेवा लागते. दर हिसक्याले उत्तर देलं तर विमान अजूनच डोलते. त्याले थोडं डोलू द्या लागते."

तेवढ्यात नंदनवनजवळ खड्डा आला, अन् सुधीरनं बाजूनं झडप घालून स्टिअरिंगच धरलं. कार डिव्हायडरले घासता घासता राहिली.

"बाबा, हात ढिला," पोरगी म्हणाली.

"ते विमान कंपनीचं होतं वं," सुधीर म्हणाला. "ही कार माझी आहे."